चेक इंजिन लाईट आणि पी०१७१ कोड: माझा अनुभव

पेट्रोल गाडी, चेक इंजिन लाईट लागलेला, सिग्नलला थांबलं की आरपीएम वरखाली. गॅरेजवाला म्हणाला ऑक्सिजन सेन्सर बदलू. मी म्हटलं थांबा, आधी बघू तरी. ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले एरर कोड वाचणारं यंत्र) लावला, कोड पी०१७१, म्हणजे मिक्स्चर लीन, हवा जास्त पेट्रोल कमी. पण कोड फक्त लक्षण सांगतो हो, पार्ट कुठला गेलाय ते नाही, आणि लोक इथेच नको ते पार्ट बदलून पैसे घालवतात.

मग लाईव्ह डेटा पाहिला. आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल किती वाढवतोय किंवा कमी करतोय तो आकडा, +२२ टक्के, २५०० आरपीएमला धरलं की +५ वर येतो. माझ्या गाडीत एअरफ्लो सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा) आहे, अशा गाडीत हा पॅटर्न दिसला की पहिला संशय व्हॅक्युम लीकवर, कारण सेन्सरनंतर चिरेतून चोरून शिरणारी, न मोजलेली हवा आयडललाच जास्त जाणवते, वरच्या आरपीएमला एकूण हवेत ती किरकोळ ठरते. इंजिन थंड झाल्यावर एकेक पाईप वाकवून पाहिला तर पीसीव्हीच्या (इंजिनातले वायू परत इनटेकमध्ये नेणाऱ्या) होजला खालून चीर! होज बदलला, कोड क्लिअर केला, काही दिवसांत ट्रिम ±५ च्या आत आला. ऑक्सिजन सेन्सर जुनाच आहे, मस्त चालतोय.

गरम इंजिनवर कार्ब क्लीनर (कार्बुरेटर साफ करायचा स्प्रे) मारून लीक शोधू नका प्लीज, पेट घेतो तो. सेन्सरचा कनेक्टर काढायचा तर इग्निशन बंद, ईसीयूचा (इंजिनच्या कॉम्प्युटरचा) काढायचा तर बॅटरीची निगेटिव्ह आधी. आणि चालू इंजिनवर बॅटरीची टर्मिनल कधीच काढायची नाही, अल्टरनेटरचं व्होल्टेज उसळून ईसीयू उडू शकतो.