अमेरिकेतून परतलात? जुने पैसे राज्याकडे शोधा

अमेरिकेतलं विसरलेलं बँक खातं किंवा घराचं डिपॉझिट बहुधा 3 ते 5 वर्षांनी राज्य सरकारकडे जमा होतं. न वटवलेला पगाराचा चेक अनेक राज्यांत वर्षभरातच. मिसिंगमनी डॉट कॉमवर आणि त्या-त्या राज्याच्या साइटवर फुकट शोधा. पैसे तुमच्या शेवटच्या नोंदलेल्या पत्त्याच्या राज्यात जातात; पत्ताच नसेल तर पैसे ज्या कंपनीकडे होते तिची नोंदणी असलेल्या राज्यात, म्हणून अनेक कंपन्यांची नोंदणी असलेलं डेलावेअरही बघाच. वडिलांचं नाव कधी कधी आडनावाच्या रकान्यात पडलेलं असतं, तेही घालून पाहा. दावा अडतो तो जुन्या पत्त्याच्या पुराव्यावर: डब्ल्यू-2 (कंपनीकडून मिळणारा पगार आणि कराचा वार्षिक फॉर्म), वीजबिल शोधून ठेवा. राज्याकडे जमा झालेले शेअर्स मात्र राज्य विकू शकतं. मग विक्रीची रक्कमच हाती येते, नंतर भाव कितीही चढो.