पाऊस आला की बॅटरीची लाइट पेटते? डायनमो बदलायच्या आधी एवढं तपासा

मागच्या श्रावणात आईला घेऊन त्र्यंबकहून परत येत होते, संध्याकाळचे सात वाजून गेलेले, अंजनेरीच्या आसपास पाऊस असा कोसळायला लागला की वायपर फुल स्पीडला आणि काचेवर वाफ धरते म्हणून ब्लोअर चारवर. तेवढ्यात आई म्हणाली, "अगं, ते लाल काय पेटलंय तिथं?" बघितलं तर बॅटरीचं चिन्ह, पण किल्ली फिरवल्यावर दिसतं तसं ठळक नाही, विझत आलेल्या निखाऱ्यासारखं मंद. ब्लोअर बंद केला की गायब, चालू केला की हळूहळू परत. सातपूरला पोचेपर्यंत पाऊस थांबला, वायपर-ब्लोअर बंद केले, लाइटही गेली, आणि दुसऱ्या दिवशी लख्ख उन्हात गॅरेजला नेली तर काहीच दिसेना.

गाडी 2006 ची, पेट्रोल, सासऱ्यांनी घेतलेली आणि जिवापाड जपलेली. एका ठिकाणी सांगितलं डायनमो (म्हणजे अल्टरनेटर, चालू गाडीत बॅटरी चार्ज करतो तो) गेला, आठ हजार लागतील, दुसऱ्या ठिकाणी म्हणाले वायरिंगमध्ये पाणी जातंय, सगळं खोलावं लागेल. मीटर कोणीच लावला नाही आणि मला राग आला तो ह्याचाच. मी अंबडला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे, तिथं मोजल्याशिवाय पार्ट बदलायची सोयच नाही, मग गाडीला वेगळा न्याय कशाला.

तपासायच्या आधी एक महत्त्वाचं. ही लाइट मंद न पेटता एकदम ठळक पेटली आणि तशीच राहिली तर गाडी बाजूला घ्या आणि बॉनेट उघडून बेल्ट जागेवर आहे का बघा. बऱ्याच गाड्यांत डायनमो आणि वॉटर पंप एकाच बेल्टवर असतात, बेल्ट तुटला तर चार्जिंगसोबत पाणी फिरणंही थांबतं आणि कसारा घाटात असाल तर पाच-दहा मिनिटांत इंजिन तापून हेड गॅस्केटचं काम निघतं. बेल्ट शाबूत असेल तर एसी, ब्लोअर, टेप बंद करून जवळच्या गॅरेजपर्यंत जाता येतं, फक्त मध्ये इंजिन बंद करू नका, परत चालू होईलच असं नाही. आणि तेलाच्या बुधलीची लाल लाइट पेटली तर मात्र एक किलोमीटरही पुढे नाही, इंजिन तिथंच बंद.

आता मंद लाइटचं. पहिलं काम म्हणजे लाइट कधी येते ते लिहून ठेवायचं, काय काय चालू होतं, रेस दिल्यावर वाढते का कमी होते, थंड इंजिनला येते का तासाभराने. शेजारी कोणी असेल तर मोबाइलवर व्हिडिओ काढायला सांगा, कारण गॅरेजला गेल्यावर ती हमखास दिसत नाही. मी लिहून काढलं तेव्हा लक्षात आलं की पावसाशी तिचा संबंधच नाही, कोरड्या दिवशी रात्री पार्किंगमध्ये गाडी उभी ठेवून वायपर आणि ब्लोअर चालू केले तर तिथंही आली (काच ओली करून घ्या नाहीतर वायपरचं रबर जातं). पाऊस नाही, लोड, म्हणजे वायपर-ब्लोअर खेचतात तो विजेचा भार. अर्धं कोडं इथंच सुटलं.

मग डिजिटल मल्टीमीटर घ्या, साधा स्वस्तातला चालतो. मीटरच्या दोन काड्या बॅटरीच्या दोन टर्मिनलवर लावा, रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवली तर पूर्ण चार्ज, 12.2 च्या खाली असेल तर आधी चार्ज करून घ्या नाहीतर पुढची मापं फसवतात. इंजिन चालू केल्यावर त्याच टर्मिनलवर साधारण 13.8 ते 14.5 यायला हवेत. हेडलाइट, ब्लोअर सगळं लावून थोडी रेस दिल्यावरही 13.5 च्या वर टिकत असेल तर डायनमो बहुतेक ठीक आहे, माझ्या गाडीला 13.9 येत होते.

एक गोष्ट कृपा करून कोणाला करू देऊ नका. चालू इंजिनला बॅटरीचं टर्मिनल काढायचं आणि गाडी बंद नाही पडली म्हणजे डायनमो चांगला, ही टेस्ट अजून बऱ्याच ठिकाणी करतात. कार्बोरेटरच्या जमान्यात ते खपून गेलं असेल, पण इंजेक्शनवाल्या गाडीत बॅटरी निघाली की व्होल्टेज उसळी मारतं आणि इसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, उडू शकतो, डायनमोचे डायोड पण (डायनमोतल्या एसी करंटचा डीसी करतात ते). समोरचा कितीही अनुभवी असला तरी स्पष्ट नाही म्हणा.

बेल्ट आणि टर्मिनल पटकन उरकतं. दोन पुल्यांमधल्या लांब भागावर इंजिन बंद असताना अंगठ्याने दाबा, सेंटिमीटरभर दबला तर ठीक, फारच लोंबत असेल तर ताणून घ्या. चालू इंजिनला बेल्टवर लांबून बाटलीने थोडं पाणी मारा, किंचाळणं वाढलं तर बेल्ट सैल आहे आणि तुमची पावसाळी लाइट तिथूनच येत असणार. हे करताना ओढणी, मोकळे केस, सैल बाही काहीही बॉनेटजवळ नको. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी असेल तर दहा नंबरच्या पान्याने आधी मायनस काढा, मग प्लस, गरम पाणी ओतून धुवा, आतून पॉलिश पेपर मारा, लावताना प्लस आधी. डायोडची शंका असेल तर मीटर एसी व्होल्टवर ठेवून चालू इंजिनला बॅटरीवर मोजा, अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर डायोड गेलेला असू शकतो.

माझ्याकडे हे सगळं बरोबर निघालं आणि तरी लाइट येत होती. म्हणून ती लाइट पेटते कशी ते समजून घ्यावं लागलं, आणि हा भाग नीट वाचा. जुन्या गाड्यांत ह्या दिव्याच्या एका बाजूला इग्निशन स्विचमधून (किल्लीच्या मागचा स्विच) आलेला करंट असतो आणि दुसरी बाजू डायनमोला जाते. किल्ली ऑन केली, इंजिन बंद आहे, तेव्हा डायनमोची बाजू जवळपास शून्य असते म्हणून दिवा ठळक पेटतो. इंजिन चालू झालं की डायनमो त्या बाजूलाही चौदा व्होल्ट देतो, दोन्हीकडे सारखाच दाब म्हटल्यावर दिव्यातून करंट जायला कारणच उरत नाही, दिवा विझतो. म्हणजे हा दिवा बॅटरी मोजत नाही, दोन बाजूंमधला फरक दाखवतो. आता डायनमोकडे 14 आहेत पण इग्निशन स्विचमधून येताना वाटेतच दोन व्होल्ट मेले तर? फरक दोनचा, दिवा मंद पेटणार, आणि ब्लोअर-वायपरचा करंट त्याच स्विचमधून जात असेल तर लोड वाढेल तसा जास्त पेटणार. (नव्या गाड्यांत ही लाइट कॉम्प्युटरच्या सांगण्यावरून लागते, तिथं हा हिशोब जसाच्या तसा लागू होत नाही.)

हे मोजायला व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे वाटेत किती व्होल्ट मरतात, ते बघायचं. मीटर डीसी व्होल्टवर, इंजिन चालू, सगळा लोड चालू. एक काडी डायनमोच्या मागच्या जाड वायरच्या नटवर, रबरी टोपी सरकवली की दिसतो तो, तिथं काडीचं टोक आजूबाजूच्या लोखंडाला लागू देऊ नका, दुसरी बॅटरीच्या प्लसवर. 0.3 च्या आत हवं, जास्त असेल तर ती वायर किंवा मोठा फ्यूज बघा. बॅटरीच्या मायनसपासून इंजिनच्या उघड्या लोखंडापर्यंत 0.2 च्या आत, नसेल तर अर्थची पट्टी गंजलीय. माझी दोन्ही मापं चांगली होती. मग बॅटरीच्या प्लसला क्रोकोडाइल क्लिपने लांब वायर जोडली, क्लिपजवळच एक छोटा फ्यूज घालून, म्हणजे वायर कुठं कापली गेली तरी जळणार नाही, रेडिएटरचा फॅन आपोआप फिरतो त्यापासून लांबून खिडकीतून आत घेतली आणि स्टेअरिंगखालच्या फ्यूज बॉक्सशी बसले. फ्यूज उपटायची गरज नसते, त्याच्या डोक्यावर दोन बारीक धातूचे ठिपके उघडे असतात, मीटरची एक काडी त्या लांब वायरच्या टोकाला आणि दुसरी तिथं टेकवायची. डॅशबोर्डच्या मीटरचा म्हणून झाकणावर लिहिलेला फ्यूज शोधा, आधी एक काडी गाडीच्या उघड्या लोखंडाला लावून बघा, किल्ली ऑफला तिथं शून्य आणि ऑनला करंट यायला हवा.

सगळं बंद असताना फरक आला 0.3. वायपर लावला, 0.8. ब्लोअर चारवर नेला आणि आकडा 1.9 ला जाऊन थांबला, त्याच क्षणी वर डॅशबोर्डवर तो निखारा पेटला. इतके दिवस पावसाला दोष देत होतो आपण, आणि ते समोर आकड्यात दिसत होतं, मला फार बरं वाटलं तेव्हा.

पुढचं काम मी सातपूरच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियन काकांकडून करून घेतलं, कारण स्टेअरिंगखालचं कव्हर काढताना क्लिपा तुटतात आणि एअरबॅगवाली गाडी असेल तर तिथं आपण हातच घालू नये. त्यांना आकडे लिहिलेला कागद दाखवला, त्यांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, "ताई, डायनमोला हात लावू नका, किल्लीच्या मागचं बघू." इग्निशन स्विचचा पांढरा कनेक्टर बाहेर काढला तर एका पिनभोवतीचं प्लास्टिक चहाच्या डागासारखं तपकिरी झालेलं, पिन काळी, नाकाजवळ नेलं तर जळकट वास. पिन सैल झाली की तिथं गरम होतं, गरम झालं की आणखी सैल होते, असं वर्षानुवर्षं चाललेलं.

किल्लीचं लॉक बदलायची गरज नव्हती, मागचा कॉन्टॅक्टचा भाग बऱ्याच गाड्यांत दोन स्क्रूवर वेगळा निघतो. तो नवीन आणि कनेक्टरची जळकी पिन नवी, मजुरीसकट 850 रुपये. ब्लोअरला वेगळा रिले (थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) टाकून दिला तर स्विचवरचा भार कायमचा कमी होतो, ते पण करून घ्या, फक्त रिलेच्या वायरला बॅटरीजवळच स्वतःचा फ्यूज हवाच, त्याशिवाय घेऊ नका. आणि काम झाल्यावर दुकानासमोरच तेच माप परत घ्या, ब्लोअर चारवर, वायपर चालू. माझं 0.2 आलं. दिवाळीत आईला परत त्र्यंबकला नेलं तेव्हा येताना ती पूर्णवेळ डॅशबोर्डकडेच बघत होती.