छाटणीची कात्री बोटाला लागली तर

निफाडला आमच्या द्राक्षबागेत ऑक्टोबर छाटणी सुरू झाली, की कुणाचं ना कुणाचं बोट कापतंच. आधी मी माझे हात साबणाने धुते. मग स्वच्छ फडकं जखमेवर 10 मिनिटं घट्ट दाबून धरायचं. मध्येच उचलून बघायचं नाही; सासूबाईंना नेमकं तेच जमत नाही! रक्त थांबलं की पिण्याच्या पाण्याच्या धारेखाली 5 मिनिटं धुवायचं, साबण फक्त कडेकडेने. हळद, माती, चुना भरायचा नाही. पोव्हिडोन आयोडीनचं मलम पातळ लावून पट्टी बांधायची. जाऊबाईंना थायरॉइड आहे, आयोडीन नको, म्हणून त्यांना नुसतं व्हॅसलीन. पट्टी रोज बदलायची, भिजली तर लगेच.

जखम खोल असली, रक्त थांबेना, किंवा कात्री मातीने माखलेली आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन 5 वर्षं उलटलेली, तर सरळ दवाखाना. लाली पसरली, पू झाला तरी तेच.