अवकाळी पाऊस आणि गाजरगवत: बंदोबस्त कधी व कसा करावा

मूळचे अमेरिका खंडातील गाजरगवत, म्हणजेच चटकचांदणी किंवा काँग्रेस गवत, आपल्याकडे 1955 च्या सुमारास पुण्यात प्रथम नोंदले गेले. त्याच्या बियाला ठरावीक हंगाम लागत नाही, ओल पुरते. त्यामुळे नोव्हेंबरात किंवा मार्चमध्ये अवकाळी सरी आल्या की बांधावर पुन्हा नवी उगवण होते. पावसाळ्यात एकदा तण काढून मोकळे होणे म्हणूनच आता पुरत नाही. हे काम तारखेवर न ठेवता पावसावर ठेवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

चांगला पाऊस झाल्यावर दोन-तीन आठवड्यांत बांधावरून, उकिरड्याभोवती आणि पाटाच्या कडेने फेरी मारावी. या अवस्थेत गाजराच्या पाल्यासारखी पाने जमिनीलगत गोलाकार पसरलेली असतात, मधला दांडा वर आलेला नसतो आणि माती ओली असल्याने रोप मुळासकट निघते. साधारण महिना-सव्वा महिन्यात पांढरी फुले येतात व पुढे एकेक झाड हजारो बिया टाकते, म्हणून फुलापूर्वीचे हे दिवस दवडू नयेत. विळ्याने कापल्यास बुडख्यातून पुन्हा फुटवे येतात, झाड उपटावेच. उपटताना हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि तोंडाला रुमाल हवा, कारण या तणामुळे त्वचेला तीव्र खाज सुटते व दम्याचा त्रास वाढतो. मजुरांनाही ही साधने मालकानेच द्यावीत.

फुले न आलेली झाडे शेणकाल्याचे थर देत खड्ड्यात कुजवता येतात. फुलावर आलेली मात्र कंपोस्टमध्ये कधीही घालू नयेत, नाहीतर खताबरोबर बी शेतभर जाते.

पडीक रानात मेक्सिकन भुंग्याची मदत घ्यावी. 1984 मध्ये बंगळूर येथे सोडलेला हा भुंगा मळकट पांढरा असून पाठीवर गडद तपकिरी नागमोडी रेषा असतात. तो व त्याच्या अळ्या पावसाळ्यात पाने फस्त करतात; भुंगे दिसतील तेथे तणनाशक फवारू नये, उलट काही भुंगे गोळा करून दुसऱ्या जागी सोडावेत. थंडीच्या व कोरड्या दिवसांत मात्र तो जमिनीत सुप्त पडतो, त्यामुळे अवकाळी उगवण हातानेच काढावी लागते.

मोकळी झालेली जागा उघडी ठेवू नये. हिवाळ्यात टाकळ्याच्या वाळलेल्या शेंगांचे बी गोळा करून ते मे महिन्यात तेथे फेकावे. पहिल्या पावसात टाकळा दाट उगवला की गाजरगवताच्या रोपांना ऊन मिळत नाही, आणि घरात कोवळ्या पाल्याची भाजीही होते.