सही सगळ्यात शेवटी बघा

सतराव्या शतकातलं डच व्यक्तिचित्र समोर आलं की ते कुणी काढलं हे ठरवायला नजर आधी कोपऱ्यातल्या सहीकडे धावते. माझीही धावायची. शिकाऊ असताना जुनं वार्निश काढत होते आणि कापसाच्या बोळ्यावर सहीचं शेवटचं अक्षर अख्खं उतरून आलं. सही वार्निशच्या वर होती, म्हणजे मागाहून कुणीतरी ठोकलेली. आधी अतिनील दिवा धरला असता तर हिरवट चमकणाऱ्या वार्निशवर ती अक्षरं काळी दिसली असती. तेव्हापासून दिवा आधी, बोळा नंतर.

सुरुवात चित्र पालथं घालून करा. लाखेचे शिक्के, लिलावाचे खडूचे आकडे, फाटकी लेबलं सगळं वहीत लिहून घ्या. चित्र ओकच्या फळीवर असेल तर वर्षवलयांवरून ते कुठल्या सालाआधीचं नाही एवढं कळतं. नाव कळत नाही. मूळ थरात प्रशियन निळा निघाला तर सतरावं शतक विसरा, तो रंग बर्लिनमध्ये अठराव्या शतकाच्या सुरुवातीला तयार झाला. पण नमुना नंतरच्या डागडुजीतला नाही ना, हे पाहा.

मग इन्फ्रारेड कॅमेरा, तो वरच्या रंगाखाली दडलेलं दाखवतो. वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीतल्या यूडिथ लाइस्टर या सतराव्या शतकातल्या डच चित्रकर्तीच्या आत्मचित्रात ईझलवर, म्हणजे चित्राच्या घोडीवर, हसरा फिडलवाला आहे. त्याच्याखाली आधी बाईचा चेहरा होता. नक्कल करणारा सहसा असा मधेच विचार बदलत नाही.

आता भिंग घ्या. चेहऱ्यावर सगळेच जीव ओततात, म्हणून मी बाहीचे कफ आणि बोटं बघते. त्याच काळातला डच चित्रकार फ्रान्स हाल्स ओल्या रंगात ओला रंग झटक्यात, कोनात ओढतो. लेस जवळून नुसते फटकारे, चार पावलं मागे गेलं की लेस. कफशेजारी कफच ठेवा, तोही ज्याच्या कर्त्याबद्दल वाद नाही अशा चित्रातला.

एवढं झाल्यावर सही. ती दर वेळी खोटीच असते असंही नाही. आज लूव्रमध्ये असलेलं मौजी जोडप्याचं एक चित्र हाल्सचं म्हणून विकलं गेलं होतं. १८९३ मध्ये डच कला-इतिहासकार होफस्टेडे दे ग्रूटनी त्यावरची गुंफलेली जे-एल अक्षरं आणि तारा ओळखला. ती लाइस्टरची खूण. डचमध्ये तिचं आडनाव ध्रुवताऱ्यासारखं ऐकू येतं. खूण होतीच, पण हाल्सला भाव जास्त!

चित्राच्या माहिती-कार्डावर नाव ठोकायची घाई नको. अमक्या चित्रकाराची ‘कार्यशाळा’, त्याचं ‘वर्तुळ’, त्याचा ‘अनुयायी’ यांतलं पुराव्याला पेलेल तेच लिहा, आणि फाइलमध्ये कारणांसोबत तारीख टाका.