चिपचा लेआउट टूलमध्येच अडकतोय? या चुका टाळा

जूनमध्ये सोलापुरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये गेलो होतो. मुलांनी वर्षभर खपून केलेला ॲम्प्लिफायरचा लेआउट (चिपच्या थरांवरच्या आकृत्यांचा नकाशा) सर्व्हरवर जसाच्या तसा होता, पण तो काढायच्या टूलचं, म्हणजे सॉफ्टवेअरचं, लायसन्स संपलेलं. फाइल समोर असून उघडता येईना. फार वाईट वाटलं.

डिझाइनच्या फाइल्स असलेलं लायब्ररीचं फोल्डर झिप केलं म्हणजे बॅकअप झाला, ही पहिली चूक. आतली ‘लेआउट डॉट ओए’ ही ओपनॲक्सेस डेटाबेसची फाइल असते. चिप-डिझाइनची टूल्स बनवणाऱ्या केडन्स कंपनीने हा डेटाबेस एसआय-टू या उद्योगसंस्थेकडे दिला, म्हणून अनेक कंपन्यांची टूल्स तो वाचतात. पण नावातल्या ‘ओपन’वर जाऊ नका. वाचायला त्याचीच एपीआय (प्रोग्रामने डेटाबेसशी बोलायची ठरलेली पद्धत) लागते, केलेआउट या मोफत लेआउट टूलमध्ये ती फाइल उघडत नाही. शिवाय त्यातला पीसेल, म्हणजे मापं दिली की आकृती आपोआप काढणारा भाग, हा केडन्सच्या स्किल या भाषेत लिहिलेला कोड असतो. स्किल न चालवणाऱ्या टूलला त्यातून ट्रान्झिस्टर काढता येत नाही.

म्हणून लायसन्स चालू असतानाच जीडीएस, म्हणजे बहुतेक टूल्स वाचतात ती लेआउटची फाइल, काढा. मात्र नुसत्या जीडीएसवर थांबू नका. जेकार्ड मागावरचं नक्षीचं कार्ड पाहिलेल्या सोलापूरकराला हे लगेच पटेल: कार्डावर भोकं असतात, ताण्याचा रंग कार्ड सांगत नाही. जीडीएसमध्येही आकृत्या, लेबलं आणि लेयरचे नंबर असतात. लेयरची नावं नाहीत, सर्किटची जोडणी नाही. सोबत स्पाइस नेटलिस्ट (सर्किटच्या जोडणीची यादी), टेस्टबेंच (सर्किट तपासायची मांडणी) आणि लेयर मॅप (कुठला लेयर कुठल्या नंबरवर जातो ती यादी) ठेवा. डिजिटल ब्लॉक असेल तर लेफ (सेलची रूपरेषा), डेफ (सेलची जागा आणि वायरिंग) आणि व्हेरिलॉग (सर्किटचं वर्णन) या फाइल्सही.

सगळ्यात जास्त वेळ खातो तो लेयर मॅप. स्काय130 या चिप बनवायच्या तंत्रात मेटल-1 या धातूच्या थराच्या आकृत्या 68/20 या लेयर नंबरवर, तर लेबलं 68/5 वर असतात. एका विद्यार्थिनीच्या मॅपमध्ये 68/5 ची ओळच नव्हती. डीआरसी (आकृत्यांच्या मापांची तपासणी) स्वच्छ, पण एलव्हीएसमध्ये (लेआउट आणि नेटलिस्ट जुळतात का ही तपासणी) नेटलिस्टचे पाच पोर्ट, म्हणजे बाहेर जोडायची टोकं, आणि लेआउटचा एकही नाही. बिचारी दोन दिवस वायरिंग तपासत बसली. ती एक ओळ घालून जीडीएस पुन्हा काढला आणि पोर्ट आले. एलव्हीएसमध्ये सगळेच पोर्ट गायब दिसले तर आधी मॅप उघडा.

स्काय130 चा पीडीके, म्हणजे त्या तंत्रासाठी लागणाऱ्या नियमांच्या आणि मॉडेलच्या फाइल्सचा संच, 2020 पासून खुला आहे. दुसऱ्या फाउंड्रीचा (चिप बनवणाऱ्या कारखान्याचा) एनडीएखालचा, म्हणजे गुप्ततेच्या करारातला, पीडीके असेल तर फाइल लॅबबाहेर नेण्याआधी सरांना विचारा.

काढलेला जीडीएस मॅजिक या मोफत लेआउट टूलमध्ये वाचा, तिथून नेटलिस्ट काढा आणि नेटगेन या एलव्हीएसच्या मोफत टूलने मूळ नेटलिस्टशी ताडून बघा. ‘सर्किट्स मॅच युनिकली’ ही ओळ येईपर्यंत बॅकअप झाला असं धरू नका.