नवखे आणि जाणते एकाच टेबलाशी: रोलप्लेइंग गेमचा गट कसा चालवावा

रोलप्लेइंग गेम म्हणजे प्रत्येकाने एक पात्र घेऊन बोलण्यातून आणि फाशांच्या आधारे कथा पुढे नेण्याचा खेळ. त्याच्या पाच जणांच्या गटात दोघे कित्येक वर्षे खेळत आलेले, एक जण अधूनमधून खेळणारा आणि उरलेल्या दोघांनी वीस बाजूंचा फासा पहिल्यांदाच हातात घेतलेला, अशी परिस्थिती गेम मास्टरपुढे, म्हणजेच खेळाच्या सूत्रधारापुढे, नेहमी येते. अशा वेळी नवख्यांना नियम शिकवणे हेच मोठे काम आहे असे त्याला वाटते, परंतु नियम चार-सहा बैठकांत अंगवळणी पडतात. खरी अडचण निर्णयांची असते. नवख्याची पाळी आली की शेजारचा जाणता खेळाडू अगदी सद्भावनेने सांगतो, "तू आता मागे सरक आणि बाण मार." नवखा मान डोलावतो आणि फासा टाकतो. असे तीन-चार बैठका चालले की तो खेळत नसतो, दुसऱ्याच्या वतीने फक्त फासे टाकत असतो. माझ्या गटातील एका मैत्रिणीचे खेळणे मी असेच निसटू दिले आणि पाचव्या बैठकीपासून ती आली नाही. म्हणून पुढील सर्व सूचनांमागे एकच आग्रह आहे: पाळी ज्याची, निर्णय त्याचा.

खेळ सुरू होण्यापूर्वी

पहिल्या साहसाआधीची जी चर्चेची बैठक असते, जिला खेळाडू सेशन झीरो म्हणतात, ती मिश्र गटात टाळू नये. मात्र सर्वांसमक्ष विचारलेल्या प्रश्नांना नवखे खेळाडू बहुधा "मला काहीही चालेल" असे उत्तर देतात, कारण काय काय शक्य आहे हेच त्यांना ठाऊक नसते. त्यामुळे त्यांच्याशी आधी एकेकट्याने बोलावे आणि कोणत्या प्रकारच्या कथा त्यांना आवडतात, लढाई हवी की संवाद, कोणते विषय नकोत, हे समजून घ्यावे. जाणत्यांशीही स्वतंत्रपणे बोलावे आणि विचारल्याशिवाय सल्ला न देण्याचे वचन त्यांच्याकडून स्पष्ट शब्दांत घ्यावे.

नको असलेल्या विषयांसाठी जॉन स्टॅव्ह्रोपोलोस यांनी सुचवलेले एक्स-कार्ड उपयोगी पडते. टेबलाच्या मध्यभागी फुली काढलेले कार्ड ठेवायचे, कोणीही त्याला हात लावला की तो प्रसंग कारण न विचारता वगळायचा, एवढीच त्याची रीत आहे. नवख्याला ते वापरण्याचा संकोच वाटतो, म्हणून सूत्रधाराने लवकरच एखाद्या किरकोळ प्रसंगी ते स्वतः वापरून दाखवावे.

खेळाची निवड करताना एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. डंजन्स अँड ड्रॅगन्स या प्रसिद्ध रोलप्लेइंग गेमची पाचवी आवृत्ती २०१४ मध्ये आली आणि जाणत्या खेळाडूंना ती बहुतेक तोंडपाठ असते, त्यामुळे पहिल्याच दिवशी टेबलावर मोठी दरी पडते. गटातील कोणीच न खेळलेला खेळ तीन-चार बैठकांसाठी घेतला, तर सगळे एकाच रेषेवरून निघतात. १९८१ पासून खेळल्या जाणाऱ्या कॉल ऑफ क्थुलू या भयकथांच्या खेळामध्ये पात्राच्या कागदावर कौशल्यापुढे ६० लिहिलेले असेल, तर शंभराच्या फाशांवर ६० किंवा त्याहून कमी आकडा आला की यश मिळते, आणि हे नवख्याला एका वाक्यात समजते. सूत्रधाराला मात्र नवे नियम शिकण्याचे कष्ट घ्यावे लागतात.

पात्र कोणते द्यावे

नवख्याला सरसकट फायटर, म्हणजे शस्त्राने लढणारे पात्र, द्यावा हा सल्ला मला पटत नाही. ज्याला जादूगार व्हायचे आहे त्याला तलवार दिली, तर त्याचा पहिलाच निर्णय आपण हिरावून घेतलेला असतो. त्यापेक्षा विझार्ड, म्हणजे जादूगार, सोपा करून द्यावा. पाचव्या आवृत्तीत पहिल्या लेव्हलच्या, म्हणजे सुरुवातीच्या पायरीवरील, विझार्डकडे तीन कॅन्ट्रिप (कितीही वेळा म्हणता येणारे छोटे मंत्र), पोथीत सहा मंत्र आणि दोन स्पेल स्लॉट (मोठे मंत्र म्हणण्याच्या मोजक्या संधी) असतात. तयार ठेवलेला प्रत्येक मंत्र एकेका कार्डावर सोप्या मराठीत लिहावा आणि स्लॉटऐवजी दोन सोंगट्या द्याव्यात. कॅन्ट्रिप सोडून कोणताही मंत्र म्हटला की एक सोंगटी सूत्रधाराकडे परत करायची, हा हिशेब डोळ्यांना दिसतो आणि जाड पुस्तक उघडावे लागत नाही.

सर्व पात्रे एकाच लेव्हलवर असावीत. जाणत्याचे जुने, शक्तिमान पात्र आणि नवख्याचे कोरे पात्र एकत्र आणले, तर लढाईत नवखा प्रेक्षक होतो. पहिली लेव्हल शिकण्यास सोपी असली तरी नाजूक असते. विझार्डचे हिट पॉइंट, म्हणजे हानी सोसण्याची क्षमता, सुरुवातीला सात-आठ असतात आणि २०१४ च्या पुस्तकातील ऑर्क या राक्षसी शत्रूच्या कुऱ्हाडीचा एक वार सरासरी ९ हानी करतो, म्हणजे पहिल्याच लढाईत नवखा बेशुद्ध होऊन उरलेली संध्याकाळ नुसता पाहत बसू शकतो. म्हणून सुरुवातीचे शत्रू दुबळे ठेवावेत.

टेबलावर

"तू काय करतेस?" एवढाच प्रश्न नवख्या खेळाडूला कोऱ्या कागदासारखा वाटतो. त्याऐवजी सूत्रधाराने असे म्हणावे: "दार अर्धवट उघडे आहे, आतून दोघांची कुजबुज ऐकू येते आहे आणि तुझ्या मशालीचा उजेड फटीतून आत पडतो आहे. तू काय करतेस?" या वर्णनात ऐकत थांबणे, मशाल विझवणे, आत शिरणे हे सर्व दडलेले आहे, पण पर्यायांची यादी वाचून दाखवलेली नाही. तिने साध्या भाषेत हेतू सांगावा आणि त्याला कोणता नियम लागू होतो ते सूत्रधाराने पाहावे. नियम ज्या क्षणी लागतो त्याच क्षणी सांगितला की तो लक्षात राहतो.

चुकीचा वाटणारा निर्णयही तसाच राहू द्यावा, मात्र पात्राला जे सहज कळले असते ते खेळाडूला आधी सांगावे. उदाहरणार्थ, "तुझा योद्धा वर्षानुवर्षे लढत आला आहे, त्यामुळे असे पाठ फिरवून पळाल्यास शत्रूला वार करण्याची संधी मिळेल हे त्याला ठाऊक आहे." एवढे सांगून गप्प बसावे. शांतता लांबली आणि जाणत्याने तोंड उघडले, तर "तिला ठरवू द्या" असे सौम्यपणे पण तत्काळ म्हणावे. पहिल्या वेळी हे म्हणण्याचा सूत्रधाराने संकोच केला, तर पुढे ते म्हणणे अधिकाधिक अवघड होत जाते.

जाणत्यांची मदत करण्याची इच्छा मात्र वाया जाऊ देऊ नये. पाचव्या आवृत्तीत स्वतःची कृती खर्च करून साथीदाराला मदत करता येते, आणि मग तो दोन फासे टाकून मोठा आकडा घेतो. वीस बाजूंच्या एका फाशावर ११ किंवा अधिक येण्याची शक्यता ५० टक्के असते, ती दोन फाशांमुळे ७५ टक्के होते. सल्ला देण्याऐवजी अशी मदत केली की निर्णय नवख्याचाच राहतो आणि यश दोघांचे होते.

माहितीच्या बाबतीतही हेच करता येते. ट्रोल या राक्षसाच्या जखमा आपोआप भरतात आणि आगीने किंवा आम्लाने ते थांबते, हे जाणत्यांना ठाऊक असते. ते त्यांनी बोलून दाखवण्याआधी नवख्याच्या पात्राला आठवण्यासाठी फासा टाकायला सांगावे आणि यश आल्यास ही माहिती चिठ्ठीवर लिहून फक्त त्याच्या हाती द्यावी. मग जाणते त्याच्याकडे पाहू लागतात. असा क्षण टेबलावर घडताना पाहण्याइतके समाधान सूत्रधाराला क्वचितच मिळते.

जाणत्यांना बिनपगारी शिक्षक झाल्यासारखे वाटू नये, ही जबाबदारीही सूत्रधाराचीच आहे. त्यांनी पूर्वी कधी न खेळलेला क्लास (फायटर, विझार्ड असा पात्राचा प्रकार) घ्यावा असे सुचवावे आणि त्यांच्या पात्रांना पाळायला कठीण अशी शपथ, जुने वैर किंवा लपवलेले नाते द्यावे, कारण त्यांना आता नियमांपेक्षा पेचप्रसंगांची भूक असते. नियमावरून वाद झाला, तर मिनिटाभरात सूत्रधाराने निर्णय द्यावा आणि पुस्तक बैठक संपल्यावर उघडावे.

बैठकीनंतर "मजा आली का?" असे विचारल्यास होकारच मिळतो. "काय करावे ते कोणत्या क्षणी कळेनासे झाले?" असे विचारावे आणि उत्तर लिहून ठेवावे, कारण पुढच्या बैठकीची तयारी तिथूनच सुरू करायची असते. कार्डे आणि सोंगट्या आपण होऊन काढून घेऊ नयेत. नवखा खेळाडू त्या स्वतःच बाजूला सारतो, आणि नवे मंत्र मिळाले की कधी कधी परतही मागतो, तेव्हा नव्या मंत्रांची कार्डे तयार असावीत.